बायलरांचं कोठार आणि शंभूची बस

ईसा टाउन, बहारीन
१८ ऑक्टोबर १९८३

चि. सौ. सुरेखास,
अनेक उत्तम आशीर्वाद. विवेकरावांस नमस्कार.

घाबरू नकोस, पण वाईट बातमी आहे. गेल्या मंगळवारी आपल्या मालूच्या पायावरून शाळेची बस गेली. फाटकापाशी पोरगी पडलेली पाण्याची बाटली उचलायला वाकली आणि त्या शहाण्या ड्रायव्हरने मागे न बघता बस मागे घेतली. नडगी दोन ठिकाणी मोडली आहे. सल्मानिया हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आता मांडीपर्यंत प्लास्टर आहे. नऊ वर्षांची पोर, रात्रभर इंग्रजीत कण्हते. आईच ती, लीनाने तर अन्नपाणी सोडलं होतं. शेजारच्या आमिनाबाई रोज हरीसचं, म्हणजे त्यांच्या गहू-मटणाच्या खिमटीचं, पातेलं घेऊन येतात आणि समोर बसून तिला चार घास खायला लावतात, म्हणून ती उभी तरी आहे.

ड्रायव्हर आपलाच, गुहागरकडचा शंभू. दर गणपतीला आपल्याकडे आरतीला टाळ वाजवायला येतो तोच. पोलिसांनी त्याचा पासपोर्ट ठेवून घेतला आहे. मुलीच्या बापाने तक्रार नाही असं लिहून दिलं तर सोडू, नाहीतर केस, मग तुरुंग आणि शेवटी मायदेशी रवानगी, असं इन्स्पेक्टर म्हणाला. मी म्हटलं, केस करा. दर शुक्रवारी तो फळांची पिशवी घेऊन फाटकाबाहेर उभा राहतो. मी दार उघडत नाही.

तुमची दिवाळी सुखाची जावो. आमची या वर्षी नाहीच.
तुझा दादा,
गुरुप्रसाद

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया
६ नोव्हेंबर १९८३

तीर्थरूप दादास,
सुरेखाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून काळजाचं पाणी पाणी झालं. मालूबाईला आत्याचे शंभर पापे सांग. वहिनी, तुम्ही जेवा हो, नाहीतर मी आमिनाबाईंनाच पत्र घालीन.

दादा, तुझ्या दुःखात आपलं रडगाणं गाऊ नये, पण तुला नाही सांगायचं तर कुणाला? आमच्या हातून भयंकर गोष्ट घडली आहे. आमच्या कुंपणापलीकडे एझ्रा बायलर आणि त्याची बायको नेओमी यांचं शेत आहे, हे मी कळवलं होतं. आमिश लोक. घरात वीज नाही, मोटार नाही, घोडागाडीतून बाजाराला जातात. घरात जर्मनसारखी आपली बोली बोलतात आणि त्यांच्यात नसलेल्या सगळ्यांना इंग्लिश म्हणतात. म्हणजे मी आणि विवेक, वाईचे इंग्लिश! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली होती.

लक्ष्मीपूजनाला विवेकने हौसेने कामट्यांचा आकाशकंदील केला. वायर पोचेना म्हणून आत मेणबत्ती लावली आणि कुंपणाजवळच्या झाडावर चढवला. मी नको म्हणत होते, पण घराची आठवण आली की हा माणूस ऐकतो कुणाचं? आम्ही पूजेला बसलो आणि वारा सुटला. पेटता कंदील तुटून बायलरांच्या कडब्यावर पडला. कोठार गेलं, दादा. वर्षाचा चारा, मका, सगळं. गुरं तेवढी त्यांनी वेळेवर बाहेर काढली. डोळ्यांसमोर जळत होतं आणि मी जरीच्या साडीत पाण्याच्या बादल्या भरत होते.

पोलीस येणार, कोर्टात उभं राहावं लागणार असं धरूनच आम्ही बसलो होतो. सकाळी दार वाजलं. बघते तर एझ्रा आणि नेओमी, हातात गरम पाव. तुम्ही फार घाबरला असाल म्हणून आलो, असं म्हणाले. दादा, कोठार त्यांचं जळलं आणि आमचं समाधान करायला ते आले! ते कोर्टात जात नाहीत, विमाही उतरवत नाहीत. काल जे झालं त्याची क्षमा केली आहे, असं एझ्राने सांगितलं आणि विवेकशी हात मिळवला. विवेक लहान मुलासारखा रडला. मला अजून खरं वाटत नाही.

मालूची खुशाली लगेच कळव.
तुझी,
सुरेखा

ईसा टाउन
२१ नोव्हेंबर १९८३

चि. सौ. सुरेखास,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं धडधाकट आहात, देवाची कृपा. पण मेणबत्ती? इंजिनिअर ना तो? कान धर त्याचा माझ्या वतीने. आणि वकिलाला भेटून ठेवा. आज पाव घेऊन आले, उद्या काय घेऊन येतील सांगता येत नाही.

तुझ्या पत्राचा रोख न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. लीनानेही तेच पान माझ्यासमोर धरलं. सुरेखा, कोठार लाकडाचं असतं. माझी मुलगी हाडामांसाची आहे. ती पुन्हा नीट चालेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. विचारलं की इंशाल्ला. तुझ्या एझ्राच्या पोराच्या अंगावर गाडी गेली असती, मग बघितलं असतं किती पाव भाजले असते ते.

शंभू या शुक्रवारीही आला होता. आता कुणी त्याला काम देत नाही. मीना सलमान बंदराजवळ गाववाल्यांच्या खोलीत पडून असतो म्हणे. त्याला मी काय करू?
तुझा दादा,
गुरुप्रसाद

लँकेस्टर
११ डिसेंबर १९८३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रागाने का होईना, तू लगेच लिहिलंस, बरं वाटलं.

बायलरांचं नवं कोठार उभं राहिलं. एका दिवसात! पहाटे घोडागाड्यांची रांग लागली. दोनशे पुरुष तरी असतील, काळ्या टोप्या घातलेले. क्रेन नाही, आरडाओरडा नाही. एक म्हातारा हळूच काहीतरी बोलायचा आणि सगळे मिळून तुळया उचलायचे. दुपारी सांगाडा उभा, दिवस मावळायच्या आत छप्परसुद्धा. मी तोंडात बोट घालून पाहत राहिले. विवेकलाही हातोडी दिली. ज्याने जाळलं त्याला कुणी वेगळ्या नजरेने पाहिलंच नाही. मी पातेलंभर बटाट्याची भाजी नेली होती. एका आजीबाईंनी तीनदा मागून घेतली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी विचारलं नव्हतं, भांडी घासताना नेओमीने आपणहून सांगितलं. त्यांचा थोरला मुलगा तेरा वर्षांपूर्वी गेला. घोडागाडीला मागून मोटारीने उडवलं. तो मोटारवाला ओसरीत बसून माझीच भाजी खात होता. हे लोक मोटार बाळगत नाहीत, पण दूर जायचं तर भाड्याने गाडी करतात. बायलरांना दवाखान्यात, लग्नाला, नातेवाइकांकडे नेणारा ड्रायव्हर तोच आहे. त्या वेळी त्याने गाडी चालवणं सोडलं होतं. एझ्रा त्याच्या घरी गेला आणि म्हणाला की बायकोला डॉक्टरकडे न्यायचं आहे, तू ने. 

मी एझ्राला विचारलं की राग येत नाही? तो म्हणाला की येतो तर. रोज सकाळी गाईचं दूध काढायला बसलो की येतो. काल क्षमा केली म्हणून आज सुटका नाही, पुन्हा करावी लागते. रोज देवाकडे क्षमा मागायची आणि आपण द्यायची नाही, असं कसं चालेल?

दादा, मला तुला उपदेश करायचा नाही. मला माफ केलं गेलं आहे, एवढंच मला माहीत आहे. ते कसं वाटतं हे शंभूला कळावं, असं मला फार वाटतं.
तुझी,
सुरेखा

ईसा टाउन
१५ जानेवारी १९८४

चि. सौ. सुरेखास,
अनेक आशीर्वाद. तिळगूळ घ्या, गोड बोला.

तुझं पत्र आलं तेव्हा मी लीनावर उगाच खेकसलो. आठवडाभर पत्र खिशात घेऊन बँकेत कामाला गेलो. ओसरीत बसून तुझी भाजी खाणारा तो माणूस डोळ्यांपुढून हलेना. मग एका शुक्रवारी फाटक उघडलं. शंभू दचकून मागे सरला. मी मारीन असं त्याला वाटलं. मी फक्त गाडीत बस म्हटलं. ठाण्यात तक्रार नाही असं लिहून दिलं, तिथून तसेच शाळेच्या सेक्रेटरींच्या घरी गेलो आणि याला परत घ्या म्हणून सांगितलं. ते माझ्याकडे वेड्यासारखे बघत राहिले. दुसऱ्या कुणाच्या पोराच्या बाबतीत असं कुणी केलं असतं तर मीही तसंच बघितलं असतं. मुलं चढल्याखेरीज बस हलायची नाही आणि मागे घेताना एक माणूस खाली उभा राहील, एवढं मात्र कबूल करून घेतलं.

काल मालू पहिल्यांदा शाळेत गेली, काठी टेकत. थोडी लंगडते. ते जाणार नाही, असं आता डॉक्टर स्पष्टच म्हणतात. बस आली. मी तिला उचलून चढवणार होतो, तिने चढवू दिलं नाही. शंभूने स्टिअरिंगवर हात ठेवले आणि तो त्यावर डोकं टेकून रडायला लागला, बस हलेना. मागची पोरं यल्ला यल्ला, चला लवकर, असं ओरडायला लागली. आमची इंग्रजीखेरीज न बोलणारी बया त्याच्याजवळ गेली. लीनाने दप्तरात दिलेला तिळगूळ त्याच्या हातावर ठेवला आणि चक्क मराठीत म्हणाली की शंभूकाका, पोटभर रडा, पण बेल व्हायच्या आत शाळेत पोचवा. मग आपल्या जागेवर जाऊन बसली.

बस गेली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी फाटकातच उभा होतो. राग गेला असं समजू नकोस. आज सकाळी हॉर्न ऐकला आणि पुन्हा आला. मी फाटक उघडलं आणि तिला पुन्हा बसमध्ये बसवलं. उद्याही बसवीन.

तुझ्या एझ्राला माझा नमस्कार सांग. वाईचा थोरला इंग्लिश म्हणून सांग, ओळखेल. तुम्हा दोघांवरची माया आहे तशीच आहे, पत्र मात्र पाठवत राहा.

तुझा दादा,
गुरुप्रसाद