ऐकल्याशिवाय सही नाही

मी, शमिका दिवाकर गानू, वय सव्वीस, राहणार प्रेम नगर, झाशी, हे मृत्युपत्र पलंगावर उशीला टेकून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. जागचा हलला आहे तो कमरेचा मणका. सोमवारी ग्वाल्हेरला त्याचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरले आहे. पण घाबरलेल्या माणसाने लिहिलेले मृत्युपत्रही कायद्याने चालते, हे मी वकिलांना दोनदा विचारून घेतले आहे. कोणाच्या सांगण्यावरून किंवा दबावाखाली मी हे लिहीत नाही. दबाव आला तो सगळा उलट्या बाजूने आला. त्याची हकीकत पुढे येईल.

वकील म्हणाले, हिंदीत लिहा, सगळ्यांना सोपे जाईल. हिंदी तर्जुमा सोबत जोडावा. मूळ मात्र मराठीतच राहील, कारण मला लिहायला वसुंधराआत्याने शिकवले आणि तिने आधी मराठी शिकवली. लहानपणी दम्यामुळे मला उशिरा शाळेत घातले. तोवर आत्याचे स्वयंपाकघर हीच माझी शाळा होती.

१. घर आईचे आहे. बाबांच्या रेल्वेच्या नोकरीतून झाले, त्यात माझे काही नाही. माझ्या बँकेच्या खात्यात जे उरले असेल ते आई, मृदुला दिवाकर गानू, हिला द्यावे. तिने त्यातून माझे दिवस करण्यावर खर्च करू नये. आधी दूधवाल्याचे बिल द्यावे. मी निघण्यापूर्वी देणार आहे, पण राहिलेच तर.

२. माझी स्कूटी भाऊ केयूर याला. सीपरी बाजारातल्या मोबाईलच्या दुकानापर्यंत तो ती आताही नेतोच. पुढचा ब्रेक उशिरा लागतो, तो आधी दुरुस्त करून घ्यावा. एक अट आहे, ती कलम ५ मध्ये लिहिली आहे.

३. नारायणरावकाकांना माझा तो फोटो द्यावा ज्यात मी चमकत्या पट्ट्यांचे जाकीट आणि दोन मापे मोठे बूट घालून गोदामाच्या फाटकाशी उभी आहे. गणपतीत आलेल्या प्रत्येकाला काकांनी सांगितले की शमिका एका कंपनीच्या ऑफिसात आहे. झाशीतल्या जुन्या मराठी घराण्याची मुलगी पेट्या उचलते हे त्यांना सांगवत नव्हते. काका, हे माझे ऑफिस. दिवाणखान्यात लावा.

४. आता दाव्याविषयी. हे कलम मोठे आहे, पण कोणी गाळू नये.

गेल्या वर्षी तेरा फेब्रुवारीला गोदामात वरच्या मांडणीवरून डिटर्जंटच्या पेट्या माझ्या पाठीवर आल्या. त्या मांडणीच्या खांबाला फोर्कलिफ्टची धडक बसून तो आधीच वाकला होता. मी ठेकेदाराचे सुपरवायझर चौबेजी यांना दाखवला होता. त्यांनी खांबाला पिवळी टेप गुंडाळली आणि काम चालू ठेवले. म्हणून माझ्यामागे कोणीही ‘नशिबात होते’ असे म्हणू नये. टेप नशिबाने लावली नव्हती.

कंपनी म्हणते, मी त्या दिवशी कामावर नव्हतेच. त्याचे कारण असे. बाबांच्या श्राद्धासाठी मी रजा घेतली, तर माझे हजेरीचे कार्ड बंद झाले आणि चालू व्हायला वेळ लागत होता. अशा वेळी सुट्टीवर असलेल्याचे कार्ड गळ्यात घालून त्याच्या नावावर काम करायचे, ही तिथली रोजची रीत. त्यात उचललेला माल मोजणीत पडतो आणि कोणाची हजेरीही बुडत नाही. चौबेजींनी मला रजनीचे कार्ड दिले. रजनी अहिरवार माझ्याच रांगेत काम करते. तिच्या मुलाला ताप होता म्हणून ती गावी, गरौठ्याला, गेली होती. त्यामुळे कंपनीच्या हिशेबी त्या दिवशी रजनी हजर आणि मी गैरहजर. पाठ मात्र माझी मोडली.

रजनीने खरे सांगितले तर तिची नोकरी जाईल. तिच्या घरी कमावणारी तीच. म्हणून मी तिला साक्ष द्यायला सांगितले नाही आणि माझ्यामागेही कोणी सांगू नये.

५. चौबेजी आमच्या घरी समझोत्याचा कागद घेऊन आले होते. पाकीटही आणले होते. आईने चष्मा शोधायला घेतला तेव्हा आत्या म्हणाली, आधी वाचन. आमचे पूर्वज झाशीच्या दफ्तरात कारकून होते. तिथून घरात एक नियम आला आहे. कुठलाही कागद घरातल्या सगळ्यांत लहान वाचणाऱ्याने मोठ्याने वाचायचा, सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकायचा, मग सही. गॅसजोडणीपासून बाबांच्या कर्जापर्यंत सगळे कागद मीच वाचले. केयूर माझ्याहून लहान, पण त्याला वाचायला लावले की तो ओळी गाळतो.

मी आडवी पडून वाचायला लागले. चौबेजी म्हणाले, बिटिया, ये सब तो फॉर्मेलिटी है. चौथ्या ओळीत होते की मी मैत्रिणीला भेटायला परवानगीशिवाय गोदामात शिरले होते. मी तिथेच थांबले.

“थांबू नकोस,” आत्या म्हणाली. “शेवटपर्यंत.”

“अरे अम्माजी, वो तो ऐसे ही लिखना पड़ता है.”

“तो ऐसे ही सुन भी लीजिए.”

शेवटच्या ओळीत होते की मी व माझे वारस पुढे कधीही, कुठेही काही मागणार नाही. वाचन संपले तेव्हा चौबेजी बूट घालत होते. जाताना केयूरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, भैया, तुम समझदार हो, कंपनी से आज तक कोई जीता है? केयूर नंतर मला म्हणाला, “ताई, जे मिळतंय ते घेऊन टाक ना.” त्याला मी दोष देत नाही. तो नुकताच माझ्या औषधांचे बिल भरून आला होता.

पण मी वकिलांना जे जे विचारले ते इथे लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागे कोणी आईला आणि केयूरला फसवू नये. मी ठेकेदाराची माणूस असले तरी ज्यांचे गोदाम त्यांच्याकडूनही भरपाई मागता येते. कर्मचारी विम्यात ठेकेदाराने माझे नाव घातलेच नव्हते, तसे त्या कार्यालयाने लिहून दिले आहे. म्हणून दावा भरपाई आयुक्तांपुढे आहे आणि तो मुदतीत दाखल झाला आहे. घरात बसून ‘हक्क सोडला’ असे लिहून दिले तरी कायदा ते मानत नाही. समझोता करायचाच तर तो आयुक्तांपुढे नोंदवावा लागतो.

मला वाटले होते, हा दावा आईच्या नावाने लिहून ठेवावा. वकील म्हणाले, भरपाई मृत्युपत्राने देता येत नाही. या दुखापतीतून मी गेले, तर रक्कम आयुक्तांकडे जमा होईल आणि अवलंबून असलेल्यांना तेच वाटतील. विधवा आई त्यांत येते. म्हणजे माझ्याजवळची सर्वांत मोठी गोष्ट मला कोणाला देताच येत नाही. या विचाराने मी दोन रात्री झोपले नाही.

मग लक्षात आले की एक गोष्ट माझी आहे आणि ती मला देता येते. ती म्हणजे माझा नकार. तो मी आई आणि केयूर दोघांना समान देते. स्कूटीची अट हीच: केयूरने समोर येईल तो प्रत्येक कागद मोठ्याने वाचावा, एकही ओळ न गाळता. आता तोच घरातला वाचणारा.

६. वसुंधराआत्याला, जिच्यावर तिने मला अक्षरे शिकवली ती तिची पाटी परत. कोपरा मी फोडला होता, मांजराने नाही.

७. मी शुद्धीवर आले तर हे मृत्युपत्र फाडू नये. दावा तसाही चालूच राहणार आहे. मग मी स्वतः जाईन, चालत किंवा चाकाच्या खुर्चीत.

सह्यांविषयी नोंद: ज्यांना यातून काही मिळते त्यांना साक्षीदार करायचे नव्हते, म्हणून शेजारचे डॉ. मिलिंद किबे आणि रजनी यांना बोलावले. रजनीला मी फक्त नावापुरते बोलावले होते. पण घरचा नियम तिलाही लागू, आणि तिला मराठी येत नाही, म्हणून केयूरने सगळे हिंदीत करून वाचले. ओळ गाळली नाही. कलम ४ रजनीने पुन्हा वाचायला लावले. मी तिला म्हटले, तू नुसती सही कर, बाकीचे विसर. ती म्हणाली, “दीदी, सुना दिया तो सुन लिया. अब दस्तखत में कंजूसी काहे की?” तिने खाली काय लिहिले ते तिच्याच शब्दांत ठेवले आहे. मी तिला थांबवायचा प्रयत्न केला, याचे डॉक्टर साक्षीदार आहेत.

स्थळ: प्रेम नगर, झाशी
दिनांक: १४ सप्टेंबर २०२४

सही: शमिका दिवाकर गानू

साक्षीदार
१. डॉ. मिलिंद किबे, प्रेम नगर, झाशी
२. रजनी अहिरवार, मूळ गाव गरौठा. “तेरह फरवरी को कार्ड मेरा था, काम और चोट शमिका दीदी की. उस दिन मैं गरौठा में थी. आज यहाँ हूँ.”