शंभर मार्कांचा आवाज

प्रिय एफ्रेनदादा,

जहाजावरच्या पगारातून तू घेऊन दिलेलं गाण्याचं मशीन इथे इलोइलो शहरात आपल्या गल्लीभर गाजतंय. पडद्यावर शब्द येतात, आपण गायचं आणि शेवटी ते मार्क देतं. मी महिनाभर गळा घासला आणि आईच्या वाढदिवसाला शंभरपैकी शंभर पाडले. सगळे टाळ्या वाजवत होते, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून ओरडली, "लिगाया, तो रेडिओ बारीक कर गं!"

"आई, मी गातेय!"

"तू? अगं, कपडे धुताना गातेस ना, तेव्हा चार घरांपलीकडून ओळखते मी तुला. ही कोण बया?"

असा राग आला म्हणून सांगू! तेच गाणं मी पुन्हा लावलं आणि धुण्याच्या दगडावर गाते तसं, मनाला येईल तिथे थांबत, ओढत गायले. मशीननं बेचाळीस दिले. आई मात्र मासळीचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली.

आता आपल्या घरात माझा नियम चालतो. ज्याला सगळ्यात कमी मार्क, भाजलेल्या डुकराची कुरकुरीत कातडी, जिच्यावरून आपण सगळे भांडतो ती, त्याची.

हे पत्र काही मी पोस्टात टाकणार नाही, नाहीतर तू तयारी करून येशील. आलास की आईला स्वयंपाकघरात बसवीन आणि माईक तुझ्या हातात देईन. बघू, ती तुला ओळखते का.

तुझी बेचाळीस मार्कवाली,
लिगाया