ब्रीदरची बाटली

मंगळ. ९ डिसेंबर
स. ७. देवपूजा आटोपून हे अंगणात. आता गाडीची पूजा. सुरू करायची, पाच मिनिटं घरघरवायची, बंद. "इंजिन बरा रवता." मग बॉनेट उघडून ब्रीदर पाइपाचं तोंड बघायचं. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी ती नळी. तिच्यातून तेलपाणी ठिबकतं, म्हणून खाली कोकम सरबताची रिकामी बाटली बांधली आहे. आज बोटभर साठलं. रंग थेट दुधाच्या चहाचा. मला मुद्दाम आणून दाखवलं. माझा चहा मोरीत गेला.

गुरु. ११
खारेपाटणहून अक्काचा फोन. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला आणि सख्ख्या बहिणीला मी अजून तोंड दाखवलेलं नाही. "तुमची गाडी आजून आजारीच? माझो गुडघो बरो झालो गो." लाज वाटली. दीड वर्षापूर्वीपर्यंत गाडी नव्हती, तेव्हा पिशवी उचलून एस्टीने जायचे. आता दारात गाडी असताना बायको एस्टीत बसली तर ह्यांचं नाक कापलं जातं. आणि गाडी तर शेजारच्या कट्टा गावच्या बाजारापलीकडे जात नाही. मासळी, भाजी, परत. ह्यांचं एकच, "ब्रीदर गळता, वाटेत बंद पडली तर?"

रवि. १४
कट्ट्याहून बाबल मिस्त्रीला बोलावलं. त्याने बाटली हलवली, हुंगली. "काका, इंजिनाक कायएक झालेला नाय. तुमी ता गरम होवच्या आधीच बंद करतास. आतली वाफ खंय जातली? थंयच पाणी होता, तेलात मिसाळता. एकदा पन्नास-साठ किलोमीटर एका दमात चलवा, सुकान जायत."
मी स्वयंपाकघरातून, "खारेपाटणाक जावन येवचा काय?"
"काकी, औषधच ता!"
ह्यांनी बाबलला चहा पाजला, निरोप दिला आणि मोठी बाटली लावली.

बुध. १७
भांडण. म्हटलं, "उद्या मी एस्टीन जातंय."
"आनि लोकांनी इचारल्यार?"
"सांगा, गाडी ओली आसा."
जेवताना अबोला. सोलकढी मात्र दोनदा मागितली, वाटी पुढे सरकवून.

गुरु. १८, अक्काकडे
कट्ट्यावरून ८ ची एस्टी. मागची सीट. कसालच्या अलीकडे, हायवे लागायच्या आधी, मागून सारखा हॉर्न. वळून बघते तो आमची गाडी! दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून हे. वाटलं, मला उतरवायलाच आले. कंडक्टर म्हणाला, "काकी, तुमचो कोन आसा काय?" मी म्हटलं, "नाय ओ." तोंडातून गेलं खरं.

कणकवलीला बस बदलायची होती. उतरले तर हे स्टँडबाहेर बॉनेट उघडून. पाइपात बोट घातलं, पोळलं, तरी ओरडतायत, "गो, सुको! हात लावन बघ!" बाटलीत नवा थेंब नाही. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. "चल, बस आता गाडीत." पण दीड वर्षाचा राग असा कणकवलीत थोडाच जातो? म्हटलं, मागून या, आणखी सुकेल. खारेपाटणच्या बसला खिडकीही मिळाली.

अक्काकडे दोघंही एकाच वेळी दारात. ती हसताना गुडघा धरून बसली.

शुक्र. १९
अक्का भिंतीला धरून चालते. तिला न्हाऊ घातलं. मनावरचं ओझं उतरलं.

दु. चहाला ह्यांना खोदून विचारलं, काल गाडी कशी काय काढलीत? म्हणाले, "माका हायवेची भीती वाटता गो. एस्टी फुडे होती म्हणान इलंय. नायतर कसालाकच मागे फिरलो असतंय."

आणि मी दीड वर्ष त्या इंजिनाला शिव्या घालत होते! हसू आलं. एवढं सांगायला काय झालं होतं माणसाला? म्हटलं, रविवारी परत जाताना मी तुमच्या बाजूला बसते, घाबरू नका.

ह्यांनी मान हलवली. "तू बाजूक बसलंस तर फुडे कोन? तू एस्टीतच बस. मागच्या सीटर. माका दिसशीत अशी."

अजून हो म्हटलेलं नाही.