साक्षीदाराला काही मिळत नाही

मी, विशाखा ऊर्फ धुरपता लिंबाजी जोंधळे, वय तेवीस, शिक्षण बी.ए., धंदा शिक्षिका (तात्पुरती), राहणार परभणी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे; बिघाड छातीत आहे. लहानपणी सांधे सुजून ताप येत असे, त्याने हृदयाची एक झडप आखडली. उद्या सकाळच्या गाडीने निघून, मनमाडला गाडी बदलून, मी मुंबईला शस्त्रक्रियेसाठी जात आहे. धोका आहे, असे डॉक्टरांनी मला इंग्रजीत सांगितले आणि वडिलांना मराठीत सांगितले नाही. म्हणून हे लिहिणे माझ्याकडे आले.

आमचे घर एका खोलीचे आहे. तिथे आईच्या नजरेआड काही लिहिता येत नाही, म्हणून परभणीच्या बसस्थानकावर, लिंबाखालच्या बाकावर बसून लिहीत आहे. याच बाकावरून मी आणि माझी मैत्रीण रुख्मिणी बन्सीधर होगे, राहणार मानवत, अशा दोघींनी चार वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्यांची चित्रे काढली.

शाळेशेजारच्या वकीलसाहेबांकडून मी दोन नियम समजून घेतले आहेत. एक, या कागदावर खोडायचे नाही. चुकले तर आडवी रेघ मारून शेजारी सही करायची. दोन, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. दुसरा नियम ऐकला त्याच दिवशी मी रुख्मिणीला निरोप धाडला की रविवारी साक्षीला ये. तिला वाटेल, जवळची म्हणून बोलावले. खाली साक्षीदारांत तिचे नाव मी आधीच लिहून टाकले आहे, म्हणजे मध्येच माझे मन फिरायला नको.

कलम एक. पोस्टाच्या पुस्तकात जे असेल ते धाकटा भाऊ सूर्यभान याच्या शिक्षणासाठी. लग्नासाठी नाही, बँडबाजासाठी तर मुळीच नाही. माझे शाईचे पेनही त्यालाच. दुसऱ्याला लिहायला देऊ नये, निब वाकडी होते.

कलम दोन. माझ्या पदवीचा कागद आई सरजाबाई हिच्याकडेच राहावा. तो चौकटीत घालून भिंतीवर लावू नये. शेजारणींना दाखवण्याआधी ती दरवेळी हात धुऊन येते. काच लागली की ते बंद होईल.

कलम तीन. माझी चित्रे. ज्यांचा फोटो उभ्या आयुष्यात निघाला नाही, त्यांची या शहरात काहीतरी खूण राहावी म्हणून मी ती काढली. मोंढ्याच्या बाजारात पोती वाहणारे हमाल, जिनिंगच्या दारात सरकीच्या ढिगाजवळ बसलेल्या बाया, टांगेवाले, जिंतूरच्या गाडीची वाट बघत गाठोड्यांवर झोपलेली माणसे. प्रमाण बरोबर आहे, छाया बरोबर आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत मला 'ए' श्रेणी होती आणि रुख्मिणीला 'सी', हे इथे लिहून ठेवते. चित्रे वाचनालयाला द्यावीत. फक्त कडूबाईचे चित्र कडूबाईला द्यावे, असा माझा विचार होता.

कडूबाई या स्थानकावर शेंगा विकते. दोन वर्षांपूर्वी मी अख्खी दुपार खर्चून तिचे चित्र काढले. तिने ते हातभर लांब धरले.

"ही कोन हाय?"

"तुम्हीच, मावशी."

"मी व्हय? लय शिकलेली दिसायलीय की."

रुख्मिणी शेजारी शेंगा खात होती. तिने पुडीचा कागद मांडीवर सरळ केला आणि त्यावर चार-सहा रेघा मारल्या. कडूबाई त्या कागदाकडे बघत राहिली. गिऱ्हाईक उभे होते तरी बघत राहिली. मग म्हणाली, "माय वो. ही तर माझी आई हाय. तू कुठं बघितलीस गं तिला?" तो कागद तिने पदराला बांधला.

चित्र जमले की आमच्याकडे 'माणूस उतरला' म्हणतात. त्या दिवशी कडूबाई रुख्मिणीच्या कागदावर उतरली, आणि माझ्याकडे बघून तिनेच विचारले, "बाई, तुमचा चेहरा का उतरला?" भाषेने दोन्हीसाठी एकच शब्द ठेवला, याला माझा इलाज नाही.

आत्ता लिहिता लिहिता तिला विचारले, "मावशी, मी गेले तर ते चित्र तुम्हाला देऊ?"

"नगं बाई. त्या शिकलेल्या बाईला घेऊन मी काय करू? शेंगा इकील का ती?"

म्हणून तेही वाचनालयालाच.

कलम चार. फळी, पेन्सिली आणि कोरे कागद माझ्या वर्गातल्या मुलींना. त्यांना वर्गात बसवून फुलदाणी काढायला लावू नये. मोंढ्यात न्यावे, स्टेशनवर न्यावे. खोडरबर मात्र फेकून द्यावे. रुख्मिणी रबर वापरत नाही. चुकलेली रेघ तशीच ठेवते, शेजारी दुसरी मारते, आणि लोकांना त्या दोन रेघांत माणूस हललेला दिसतो. मी रेघ बरोबर येईपर्यंत खोडते आणि कागदाला भोक पडते.

कलम पाच. आमच्या भिंतीवर वडिलांचे चित्र आहे. पोत्याखाली वाकलेली पाठ, तोंड दिसत नाही. ते माझे नाही, त्यामुळे त्याची वाटणी मला करता येत नाही. वडिलांना मी कितीदा समोर बसवून काढले. मिशीचा केस न् केस काढला. आईने माझ्या प्रत्येक चित्राला 'चांगलं हाय' म्हटले. रुख्मिणीने मोंढ्यात उभ्या उभ्या ही पाठ काढली, तेव्हा आईच्या हातातले पीठ तसेच राहिले. म्हणाली, "हे तर हेच. पाठीवरून वळखू यायलेत."

मानवतला रुख्मिणीच्या घरी मी ओसरीपर्यंत गेले आहे. ती आमच्याकडे थेट चुलीपाशी येते आणि आईच्या हातची भाकरी मागून खाते. त्यामुळे तिच्यावर धड रागावताही येत नाही. हेही माझ्या तक्रारीत धरावे.

कलम सहा. मी परत आले नाही, तर वडील मानवतला जातील आणि रुख्मिणीपुढे हात जोडून म्हणतील, पोरीचा एक फोटो काढून दे. चित्रालाही ते फोटोच म्हणतात. मी त्यांना ओळखते. यास माझी सक्त मनाई आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा फोटो आहे. त्यात एका उंच मुलीच्या खांद्यामागे माझा अर्धा चेहरा दिसतो. तेवढा पुरे. विशाखा मेली आणि रुख्मिणीच्या हातून उतरली, असे कुणाच्या तोंडून निघू नये.

(कलम सहा रद्द. आडवी रेघ मी मारली. वि. लिं. जोंधळे)

वरचे कलम लिहून झाले आणि मानवतची गाडी लागली. कंडक्टर "उतरा, उतरा" ओरडत होता. रुख्मिणी उतरली. केसांत कापूस अडकलेला, हातात पिशवी.

"कुठं करू सही?"

"थांब. आधी माझी होऊ दे."

ती बसली. कडूबाईकडून शेंगा घेतल्या. वाचू दे म्हणाली नाही, काय लिहिलेस म्हणूनही विचारले नाही. चित्रही काढेना.

"वही नाही आणलीस?"

"हाय की."

"मग काढ ना. मलाच काढ. पुन्हा मिळेन न मिळेन." हे मी टोचायला म्हणाले.

"तू न्हाई येत."

"म्हणजे?"

"न्हाई उतरत तू. चार वर्षं झाली, करायलेय."

मी तिच्या पिशवीतून वही काढली. पाने उलटली. मी होते, पुष्कळ होते. मानेवरचा अंबाडा. कान आणि कानामागची बट. गालाची कड. एका पानावर नुसत्या खाली झुकलेल्या पापण्या. पुढे पुन्हा मान, पुन्हा मान.

"समोरून एकही का नाही?"

"समोर असतीस कधी तू? मी तुझ्याकडं बघितलं की तू माझ्या कागदात. मान लांब करून माझी रेघ बघायलीस. मान किती येळा काढू?"

"खरं हाय," कडूबाई टोपलीपलीकडून म्हणाली. "बगळ्यावानी बसत्यात बाई. मला वाटलं, सवय हाय."

मृत्युपत्रात खोटे लिहू नये. मला आनंद झाला. रुख्मिणी होगेला न जमणारी एक गोष्ट परभणीत आहे, आणि ती मी आहे. पुडीतल्या शेंगा संपेपर्यंत तो आनंद टिकला.

मग वही पुन्हा पाहिली. त्या माना उतरल्या होत्या. सूर्यभाननेसुद्धा बघताक्षणी म्हटले असते, ही ताई. दुसऱ्याच्या ताटात किती वाढले ते बघणाऱ्याची मान जशी असते, तशी ती होती. मुंबईत छाती उघडल्यावर ती पुन्हा चालू झाली नाही, तर माझे एवढेच मागे राहील: एका फोटोत अर्धा चेहरा आणि तिच्या वहीत ही मान. लोकांची खूण राहावी म्हणून बसस्थानकावर चार वर्षे काढणाऱ्या बाईची एवढीच.

म्हणून कलम सात. माझा चेहरा, समोरून, मी रुख्मिणी बन्सीधर होगे हिला देते. ताबा उद्या सकाळी, परभणी स्टेशनच्या फलाटावर, गाडी सुटण्याआधी. अट एकच आणि ती माझ्यावर आहे: ती काढत असताना मी तिच्या कागदाकडे बघणार नाही. ही अट मला शस्त्रक्रियेपेक्षा जड जाईल असे वाटते. चित्र उतरले तर घरी वडिलांच्या पाठीशेजारी लावावे. न उतरले तर चुकलेल्या रेघांसकट तिने ठेवून घ्यावे. मी परत आले की पुन्हा बसेन.

हेवा मी कुणाला देत नाही. तो बरोबर मुंबईला नेते. तिच्या कागदावर काय आले ते बघायला मला परत यावे लागेल.

रुख्मिणीला सांगितले की आता तुझी सही चालत नाही, तुला मिळते आहे.

"मग मानवतहून कशाला बोलावलंस गं? आन् काय मिळायलंय?"

"उद्या कळेल. लवकर ये, आणि वही घेऊन ये."

तिने माझ्याकडे बघितले. मी तिच्या हाताकडे न बघता तिच्या डोळ्यांकडे बघितले. सराव म्हणून. तीच आधी दुसरीकडे बघू लागली.

स्थानकाचे वाहतूक नियंत्रक साक्षीला तयार होते, पण आणखी एक माणूस कमी पडला. कडूबाईला विचारले.

"मला काय मिळतंय?"

"काही नाही, मावशी. मिळणाऱ्याला साक्ष देता येत नाही."

"मंग घे अंगठा."

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मीच वाचून पाहिला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

विशाखा लिंबाजी जोंधळे
स्थळ: बसस्थानक, परभणी
दिनांक: ९ नोव्हेंबर १९७५

साक्षीदार
१. सिताराम मुंजाजी गिराम, वाहतूक नियंत्रक, परभणी. (सही)
२. रुख्मिणी बन्सीधर होगे, मानवत. (आडवी रेघ मारली. हिला मिळायचे आहे. वि. लिं. जोंधळे)
३. कडूबाई आश्रुबा लोंढे, शेंगा विक्री, बसस्थानक, परभणी. (अंगठा)