दोन आखूड, एक लांब

२ डिसेंबर

चि. वन्संबाईंस,

अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा. महिनाभर तुझ्या अक्षराचं दर्शन नाही.

इकडे सगळं ठीक. आईंचे गुडघे थंडीत कुरकुरतात, पण तोंड ठणठणीत आहे. फोन केला की त्या शेजारी येऊन बसतात, म्हणून हे पत्र. आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर तुला आठवतात ना? माझ्या ग्रंथालयातून पुस्तकं नेतात आणि न वाचता परत आणून देतात, ते. पुस्तकं कशासाठी ते मला उशिरा कळलं. परवा त्यांनी सरळ लग्नाचंच विचारलं. आणि स्वतःच म्हणाले की घाई नाही, नाताळच्या सुट्टीनंतर सांगा.

आईंना मी सांगायच्या आधीच सुगावा लागला होता. म्हणाल्या की माझा मुलगा बोटीवरून नाहीसा होऊन चार वर्षं झाली, कंपनीने हात वर केले, आता तू का जन्मभर उंबऱ्यावर बसणार? सुनेला लेकीसारखी उजवायला निघालेली सासू तू कुठे पाहिली आहेस का?

पण वन्सं, एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. तुझा दादा सुट्टीवर आला की संध्याकाळी फिरून येताना फाटकाशी शिट्टी घालायचा. दोन आखूड, एक लांब. म्हणजे चहाचं आधण ठेव. ती शिट्टी मला अजून ऐकू येते. रोज, दिवेलागणीला. पहिल्या वर्षी धावत जायची. आता जात नाही, पण दाराला कडीही लावत नाही आणि आधण ठेवते. आईंना ती ऐकू येत नाही.

तू तिकडे परदेशात लोकांचे कान तपासतेस. तूच सांग, हे माझ्या कानात आहे की फाटकाशी? कानात असेल तर मी सरांना हो म्हणीन. फाटकाशी असेल तर कुठल्या तोंडाने म्हणू?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी वहिनी

ता. क. पाकिटावर तू अजून सौ. लिहितेस. पोस्टमन हल्ली आधी माझ्या कपाळाकडे बघतो, मग पाकीट देतो.


११ डिसेंबर

ती. सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

धपाटा पोचला, पाठ अजून चुरचुरते आहे. सौ. मी लिहिणारच. पोस्टमनला म्हणावं, पत्ता वाच आणि चालू लाग.

आता नीट ऐक. आमच्याकडे तपासणीची एक आवाजबंद खोली आहे. कपाटाएवढी लहान, भिंतींना गादी, दार इतकं जाड की लोटताना खांदा लावावा लागतो. माणूस आत बसतो, कानाला हेडफोन, हातात बटण. मी बाहेर यंत्रापाशी. मी बारीक आवाज सोडायचा, त्याला ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, मग माझ्यापुढे दिवा लागतो. गंमत अशी की मी आवाज सोडलेलाच नसतो, तरी दिवा लागतो. रोज कुणा ना कुणाचा लागतोच. त्यात लबाडी नसते. वाट बघणारा कान आपला आपण आवाज करतो. तुझं तेच झालं आहे. फाटकाशी कुणी नाही, वहिनी. हे लिहिताना मलाही रडू आलं, पण खरं ते खरं.

तेव्हा सरांना हो म्हण. नणंदेने भावजयीचं लग्न जुळवायचं, म्हणजे आपल्या घराची तऱ्हाच न्यारी.

नाताळला आम्ही गावी न जाणारे सगळे जमणार आहोत. साहेबांनी दवाखान्यावरच्या हॉलची किल्ली दिली आहे. बेकरीतल्या दोघी बहिणी, बसवाला लंबू, आणि आमचा साचेवाला. तो कानातल्या यंत्रांचे साचे घडवतो आणि स्वतः ठार बहिरा आहे, सुताराच्या घरी मोडकी खाट म्हणतात तसं. देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण मोडक्यातोडक्या बोलीवर भागतं. एकमेकांचं न कळताच जास्त हसतो.

आईंच्या गुडघ्यांना तेल, तुला मिठी. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी कानवाली नणंद


२६ डिसेंबर

ती. सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

काल जे झालं ते कसं लिहू कळत नाही. सरळ क्रमाने लिहिते.

दुपारी जेवणं झाली. प्रत्येकाने आपापल्या घरचं शिजवून आणलं होतं, लंबूने मेणबत्त्या लावल्या होत्या. मग बहिणींनी हट्ट धरला की आमचे कान तपास. मला खोडी सुचली. सगळ्यांना खाली नेलं, नियम सांगितला की शेवटपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही, आणि गुपचूप हेडफोनची तार यंत्रातून काढून ठेवली. म्हटलं, बघू कोण कोण थापा मारतं.

लंबू आत गेला. थोडा वेळ काही नाही. मग दिवा लागला. झटकन, झटकन, आणि तिसऱ्यांदा लांब. माझ्या काही मनात आलं नाही. मग थोरली बहीण गेली. झटकन, झटकन, लांब. धाकटीचं तेच. शेवटी साचेवाला. त्याने स्वतःची यंत्रं काढून माझ्या हातात दिली आणि आत गेला. त्याच्या पाठीशी ढोल वाजवला तरी तो वळत नाही, वहिनी. दिवा तसाच लागला.

बाहेर आल्यावर विचारलं, काय ऐकलंत? लंबूने शिट्टी घातली. बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनी तीच घातली. साचेवाल्याने टेबलावर बोटाने ठोकून दाखवली. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला की बाहेर कुणीतरी दमून उभं आहे, त्याला आत घ्या. शिट्टीबद्दल मी इथे कुणाला अवाक्षर बोललेले नाही. तुमच्याकडे तेव्हा दिवेलागण असेल.

मग मीही आत बसले. किती तरी वेळ बसले. आत माझ्याच रक्ताची घरघर होती, बाकी काही नाही. परक्या माणसांना हाक मारली त्याने, आणि सख्ख्या बहिणीला नाही. मी त्याच्यावर रुसून रडले, लहानपणी रडायची तशी.

मी तुला चुकीचं लिहिलं, वहिनी. तो आहे कुठेतरी. तू सरांना अजून काही

(इथे पत्र तुटतं.)


२६ डिसेंबर

चि. वन्संबाईंस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं होतं. पटलं, पण कान ऐकेना. दिवेलागणीला शिट्टी होतीच. मात्र काल आलीच नाही. चार वर्षांत पहिल्यांदा. मी ओट्याशी उभी होते, आधण उकळून उकळून आटलं. फाटकाशी इतकं शांत होतं की मला रस्ता ओळखू येईना. आज पुन्हा वाट पाहिली. आजही नाही.

मग मी दाराला कडी लावली. गंजली होती, तेल घालावं लागलं. आवाजाने आई बाहेर आल्या. माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. दोघी पोटभर रडलो. उद्या सरांना निरोप देते आहे.

फक्त एकदा लिही की तुला खात्री आहे. तू लिहिलंस की माझ्या मनातलं संपलं. आता सांग, तुमचा नाताळ कसा झाला? लंबू काय म्हणतो?

तुझ्यावर भार टाकून हलकी झालेली,
तुझी वहिनी


(अर्ध्या पत्राखाली, दुसऱ्या शाईत)

वहिनी, तुझं पत्र आज आलं. हे आता पाठवणार नाही.


५ जानेवारी

ती. सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

खात्री आहे. शंभर टक्के. मनात काही ठेवू नकोस. सौ. लिहिते आहे, आणि आता पोस्टमनने कपाळाकडे बघितलं तर खुशाल बघू दे.

आमचा नाताळ झकास झाला. जेवलो, गायलो, लंबूने एक ग्लास फोडला. बाकी सांगण्यासारखं काही नाही. बहिणींनी तुझ्या लग्नाला केक पाठवायचं कबूल केलं आहे, पोचेपर्यंत त्याची वीट होईल. सरांना माझा दंडवत सांग. आणि आता तरी एखादं पुस्तक वाचा म्हणावं. आईंना सांग की मला त्यांचा फार अभिमान वाटतो. फोनवर मला हे बोलता येणार नाही.

मी बरी आहे. तुझी चहाची सवय मात्र मला लागली. दुपारी, तुमच्याकडे दिवे लागतात त्या सुमाराला, दवाखान्यात आधण मीच ठेवते. दोन कपांचं. साचेवाला शेजारी येऊन बसतो, पण तो चहा पीत नाही. आणि तेवढा वेळ आवाजबंद खोलीचं दार सताड उघडं ठेवते. हवा खेळायला बरं.

इथली काळजी करू नकोस. कडी लावून शांत झोपत जा.

तुझी आणि फक्त तुझीच,
कानवाली नणंद