बेडकाला भेटीची परवानगी

शनिवार, ६ फेब्रुवारी

बोलला नाही! कोर्टाच्या बालकक्षात ढब्बू अख्खा वेळ माझ्याकडे पाठ करून बसला. ठोकळ्यांचा मनोरा रचला, पाडला, पुन्हा रचला. मी आपली "वा वा" करत राहिले. कोपऱ्यात समुपदेशक बाई लिहीत होत्या. काय लिहीत असतील? 'आई वा वा म्हणते.'

घर सोडलं तेव्हा वाटलं होतं, भाड्याची खोली मिळाली की लगेच लेकाला घेऊन येईन. त्याच्या बाबांनी कोर्टात अर्ज टाकला. तारखांवर तारखा पडत गेल्या — आणि तोवर माझं पोर मला परकं झालं. आता या शनिवारच्या भेटी. बाईंचा अहवाल गेला की जजसाहेब ठरवणार, ढब्बूनं माझ्या घरी यायचं की नाही.

रडले नाही. बसमध्ये थोडं. ते धरायचं नाही.

शनिवार, १३ फेब्रुवारी

आज मनोरा कोसळला आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं — "डरांव! माझं घर कुणी पाडलं रे?"

कार्टूनमधल्या बेडूकरावांना मीच आवाज देते. पोटापाण्याचा धंदाच आहे तो. ढब्बू गर्रकन वळला. माझ्याकडे नाही — टेबलाखाली! बेडूक तिथंच बसलाय असं समजून टेबलालाच म्हणाला, "मी नाही पाडलं. आपोआप पडलं."

"आपोआप? भिंतींना पाय फुटले होय?"

खुदकन हसला. पुढचा दात पडलाय त्याचा. मला कुणी कळवलंसुद्धा नाही.

मग मी टेबलाखाली शिरले, आणि गप्पाच गप्पा! शाळेत शेजारी बसणारी मुलगी चावते म्हणे. समुपदेशक बाई वाकून म्हणाल्या, "तुम्ही ठीक आहात ना?"

बेडूकराव म्हणाले, "माझ्या घरात बूट घालून कोण आलं?"

बाईंनी पेन तोंडाशी धरलं. हसत होत्या!

शनिवार, २० फेब्रुवारी

बेडूकरावांना सर्दी. ढब्बूनं स्वतःचा मफलर टेबलाच्या पायाला गुंडाळला. मला विचारलं नाही, कशी आहेस. चालायचंच. बेडकाचा हेवा करणारी मी पहिलीच बाई असेन.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

सुनावणी. समोरचे वकील उठले — "साहेब, मुलाचं नातं आईशी नाही, बेडकाशी जुळलंय! मग घरी न्यायची परवानगी नेमकी कुणाला द्यायची?"

सगळे हसले. मीही हसले. मग हसू ओसरलं, कारण माणूस अगदीच चुकीचं बोलत नव्हता.

जजसाहेब म्हणाले, "तो बेडूक ऐकू तरी द्या."

माझ्या वकीलबाईंनी मला डोळ्यांनी दटावलं. पण जीभ कुठली ऐकतेय! "डरांव, साहेब. हजर आहे."

टाइप करणाऱ्याची बोटं थांबली. ढब्बूच्या बाबांनी मान खाली घातली, खांदे गदगदत होते. लग्नाआधीही असेच हसायचे. रागच आला मला. इतकं भांडूनही ते हसू अजून ओळखता येतं म्हणजे काय!

बाहेर समुपदेशक बाई भेटल्या. "बेडूकराव छान आहेत हं. पण कधीतरी तुम्हीही येत जा भेटायला."

थोबाडीत बसल्यासारखं झालं.

मंगळवार, २ मार्च

मिळाला! दर रविवार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, माझ्या घरी! जजसाहेब चेहरा हलू न देता म्हणाले, "बेडकालाही आमची हरकत नाही."

वकीलबाईंना मिठी मारली. त्यांचा चष्मा वाकडा झाला.

शनिवार, ६ मार्च

घर तीनदा झाडलं. कपाटामागे बेडूकरावांचं तळं केलंय, निळ्या चादरीचं. घसा बसू नये म्हणून दिवसभर कुणाशी बोलले नाही. शेजारीण विचारत होती, भांडण झालं का कुणाशी?

रविवार, ७ मार्च

ढब्बूचे बाबा त्याला सोडून दारातूनच परत गेले. मी सुरू केलं — "डरांव! या, या, पाहुणे!"

ढब्बूनं बूट काढले. जवळ आला आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. "तो नको. तू बोल ना, आई."

"भूक लागली का?" एवढंच निघालं.

"हो," म्हणाला.