कोरडा पुठ्ठा

प्रिय ताई,

हे पत्र संपेपर्यंत गाडीची किल्ली खुंटीवरून काढू नकोस. सकाळपासून अकरा फोन केले, तू उचलत नाहीस. बाबांच्या मागच्या तपासणीला येतो म्हणालो आणि आलो नाही, तेव्हा तुझा राग खराच आहे. पण उद्या गुरुवार. उद्या तू बाबांना शेजारी बसवून दवाखान्याचा तो उतार उतरणार. म्हणून सुटे भाग पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याच्या पाया पडून हे पत्र देतोय. संध्याकाळी तो तुझ्या गल्लीवरून जातो. अक्षराला हसू नकोस.

सध्या मी एका गॅरेजात आहे. तुला वाटेल पंधरा दिवस टिकेल, पण महिना झाला. राहायला वरचा माळा, खाली दिवसभर ठोकाठोक, आणि एक लंगडी मांजर आहे ती माझ्याच बुटात झोपते. काल तर तिने... असो, मांजरीचं नंतर. आज आपल्यासारखीच एक जुनी गाडी ओढून आणली. वळणावर स्टिअरिंग एकाएकी दगडासारखं जड झालं आणि गाडी भिंतीवर गेली. चालवणाऱ्या काकांचा हात गळ्यात बांधलाय. धडधाकट माणूस होता गं. तुझा तर उजवा खांदा ऑपरेशनचा, भरलेली बादलीही तुला उचलवत नाही.

स्टिअरिंगचं तेल गळून गेलं की असं होतं, तर गळती अशी बघायची. गाडीच्या पुढच्या चाकांमध्ये जमिनीवर स्वच्छ पुठ्ठा सरकव, काही तासांनी डाग बघ. काळा असेल तर इंजिनाचं ऑइल, नुसतं पाणी असेल तर एसीचं, लालसर आणि बोटाला तेलकट लागलं तर स्टिअरिंगचं. मग बॉनेट उघडून पंपाचे पाइप आणि त्यांच्या क्लिपा फडक्याने कोरड्या कर. शेजारच्या काकूंना आत बसवून इंजिन चालू करायला सांग, जागच्या जागी स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवू दे, फक्त टोकाला दाबून धरायचं नाही. मिस्त्री म्हणतात, तेल ओघळत खाली येतं, म्हणून डाग दिसतो तिथे चोर नसतो. सगळ्यात वरचा ओला ठिपका शोधायचा.

आपल्या गाडीची स्टिअरिंगची गळती काढून मी घरातून निघालो त्याला दोन महिने झाले. चौथ्या दिवशी तुझा फोन आला होता. गळती थांबली, म्हणालीस, आयुष्यात एक काम तरी धड केलंस. ते वाक्य मी इथे मिस्त्रींना दोनदा ऐकवलंय.

आत्ता वरचं सगळं परत वाचलं. पुठ्ठा कोरडा निघाला तर तू निर्धास्त गाडी काढशील. आणि तो कोरडाच निघायची भीती आहे. खोडत बसत नाही, कागद एकच आहे. ताई, मी त्या दिवशी काहीच दुरुस्त केलं नव्हतं. निघायच्या घाईत स्टिअरिंगच्या ऑइलची डबी रिकामी दिसली, डिकीत ब्रेक ऑइलची बाटली होती, तीच ओतली. तेल ते तेल, म्हटलं. आज मिस्त्रींनी त्या ओढून आणलेल्या गाडीचं रबरी सील चिमटीत धरलं तर भिजलेल्या बिस्किटासारखा लगदा झाला. कुठल्या दीडशहाण्याने यात ब्रेक ऑइल ओतलंय, म्हणाले. त्याने रबर आधी फुगतं, गळती थांबते, मालक खूश. मग ते आतून विरघळत जातं आणि एका वळणावर सगळं तेल सांडतं. सगळे हसले. मीपण हसलो. उद्या बाबांना भाड्याच्या गाडीने ने. मला शिव्या घाल, पत्र फाड, पण आपली गाडी जागची हलवू नकोस. मी मिस्त्रींना खरं सांगून नवे सील घेऊन निघतोय. तोवर पुठ्ठ्यावर एक थेंब पडला नाही, तरीही नाही.

तुझाच, दारात उभं करशील की नाही याची धास्ती घेऊन येणारा,
भिंगरी